मेजाच्या कापडावरचा पिवळा दोरा

सासूबद्दल चार चांगले शब्द लिहिणारा जावई लोकांना जरा संशयास्पद वाटतो. एक तर तो भित्रा असणार, नाहीतर त्याला तिच्याकडून काहीतरी मिळालेले असणार. माझ्या बाबतीत दुसरी गोष्ट खरी आहे. जे मिळाले ते काय आणि कसे, हे माझ्या निवृत्तीआधी एकदा नीट लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते.

माझ्या सासूबाईंची लाँड्री होती. रस्त्याच्या बाजूला काउंटर, त्यामागे इस्त्रीचे लांब टेबल, त्यामागे धुण्याची खोली आणि वर गच्चीत कपडे वाळत घालायच्या तारा. धुण्याच्या खोलीत सिमेंटच्या दोन टाक्या, कोपऱ्यात भट्टी, आणि फळीवर सोडा, नीळ आणि खळ यांचे डबे. सासरे गेल्यावर सगळ्यांनी त्यांना दुकान विकून टाकायचा सल्ला दिला. त्यांनी सगळ्यांचे ऐकून घेतले, सगळ्यांना चहा दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी पेटवली. रस्त्यावर त्यांना लाँड्रीच्या बाई म्हणत. मी आई म्हणत असे, आणि त्या मला जावईबापू म्हणत. त्यात मान किती आणि थट्टा किती, हे मला शेवटपर्यंत नक्की कळले नाही.

त्यांच्या दुकानात एक पद्धत होती. ज्याचा हात, त्याचा दोरा. कामाला असलेल्या प्रत्येक बाईला एका रंगाचे रीळ दिलेले असे. जो कपडा तिने धुतला त्याच्या कोपऱ्यात आतल्या बाजूने ती आपल्या दोऱ्याचा एक टाका घाली. कपडे वाळून खाली आले की आई कात्री घेऊन खिडकीपाशी उभ्या राहत. एकेक कपडा उजेडात धरून बघत, ठीक असला तर दोरा कापून इस्त्रीकडे देत. डाग राहिला असेल तर न बोलता त्या दोऱ्याच्या बाईकडे परत. रागावणे नाही, चौकशी नाही. आपण आपल्या ऑफिसात ज्याला जबाबदारी निश्चित करणे म्हणतो आणि ज्यासाठी बैठका घेतो, ते काम तिथे एका टाक्यात होत असे.

या पद्धतीला एकच अपवाद होता. आमच्या चर्चमध्ये महिन्यातून एकदा प्रभुभोजन होई, म्हणजे प्रभूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून सगळे मिळून भाकरीचा तुकडा खात, आणि त्या वेळी मेजावर घालायचे मोठे पांढरे कापड आई स्वतः धूत. त्यावर दोरा नसे, ते खिडकीपाशी तपासले जात नसे. आई ते धूत, खळ देत, स्वतः इस्त्री करत, मलमलीच्या तुकड्यात गुंडाळत आणि चर्चमध्ये नेऊन देत. त्या एका कापडाला आमच्या इस्त्रीवाल्या काकांनाही हात लावायची परवानगी नव्हती. काका जुने माणूस. कपड्याची घडी त्यांच्यासारखी कोणाला जमत नसे, पण जिभेला घडी कशी घालायची हे त्यांना कोणी शिकवले नव्हते.

मी तेव्हा नवा जावई होतो. शनिवारी अर्ध्या दिवसाचे ऑफिस सुटले की बिले लावून द्यायला दुकानात जात असे. अशाच एका शनिवारी दुपारी एक बाई गाठोडे घेऊन आली. उंच, हाडकुळी, केस पिकायला लागलेले. ती काउंटरपर्यंत आली नाही. पायरीच्या खालीच थांबली. काकांनी तिला ओळखले आणि इस्त्री कपड्यावर तशीच राहिली. त्या दिवशी एका वकिलाच्या शर्टाची कॉलर जळाली.

बाजाराच्या मागे एक गल्ली होती. संध्याकाळी तिथे दिवे लागले की बायका दारात उभ्या राहत. सभ्य माणसे त्या गल्लीचे नाव घेत नसत. "बाजाराच्या मागे" एवढे म्हटले की पुरे. ही तिथली होती. त्या घरातल्या चादरी शहरातली एकही लाँड्री घेत नाही, हे तिने पायरीखालूनच सांगितले आणि विचारले, "तुम्ही घ्याल का?"

आईंनी विचारले, "मळलेल्या आहेत ना?"

"आहेत."

"मग आण वर. धुतलेल्या मी घेत नाही."

ती हसली नाही. पण पायरी चढली.

त्यानंतर ती दर आठवड्याला येऊ लागली. येताना दुकानात गर्दी नसेल अशी वेळ बघून यायची आणि गाठोडे देऊन लगेच जायची. एकदा ती आली तेव्हा कामाची एक मुलगी लग्न होऊन गेलेली, दुसरी गच्चीवर, आणि आईंच्या हातात कुठल्याशा अतिथिगृहाची भली मोठी चादर. मोठ्या चादरीची घडी एकट्याने होत नाही. समोर माणूस लागतो. आई म्हणाल्या, "ते टोक धर गं." तिने गाठोडे खाली ठेवले, हात आपल्याच कपड्यांना पुसले आणि टोक धरले. दोघी एकमेकींकडे चालत आल्या, मागे गेल्या, पुन्हा चालत आल्या. एका चादरीच्या चार झाल्या, चाराच्या दहा. काकांनी मला नंतर सांगितले की हे बघून त्यांनी मनात नोकरी सोडली. मनात सोडलेली ही नोकरी त्यांनी पुढे मरेपर्यंत केली.

दुसऱ्या महिन्यात ती तिथेच कामाला लागली. त्या घरात तिची गरज फारशी उरली नव्हती. वय झाले होते, आणि बाकीच्यांचे रांधणे आणि धुणे एवढेच तिच्या वाट्याला आले होते. धुण्याच्या खोलीवर सामान ठेवायची जागा होती, ती आईंनी रिकामी करून दिली. दोऱ्याचा डबा पुढे केला तेव्हा त्यात तपकिरी आणि पिवळा असे दोनच रंग उरलेले. तपकिरी घे, मळखाऊ असतो, असे काकांनी उगाच सुचवले. तिने पिवळा उचलला. म्हणाली, "हा लांबून दिसतो. लपायचा कंटाळा आलाय मला."

तिचा हात चांगला होता. आमच्या घरात आणि हळूहळू दुकानातही तिचे नाव पिवळी पडले. माझी मुले पुढे तिला पिवळीमावशी म्हणू लागली, आणि तिचे खरे नाव विचारले तर त्यांना आजही आठवावे लागते.

एक दिवस टाकीशी कपडे घोळताना ती गुणगुणत होती. आईंनी सूर ओळखला, कारण ते उपासनेतले गीत होते. त्यांनी खिडकीपाशी उभ्या राहूनच पुढची ओळ म्हटली. पिवळीचे हात थांबले. तेव्हा कळले की ती दुसऱ्या गावी चर्चच्या मुलींच्या वसतिगृहात वाढली होती. बाप्तिस्मा झालेला होता, प्रभुभोजनातही बसलेली होती. मग कोणीतरी कामाला लावतो म्हणून घेऊन गेले, आणि पुढचे काय सांगायचे. आईंनी तिला रविवारी आपल्याबरोबर चल म्हटले. तिने मान हलवली.

"तिथे बाक असतात, बाई," ती म्हणाली. "बाकावर शेजारी कोणीतरी असतं."

"मी बसेन ना शेजारी."

"एका बाजूला तुम्ही. दुसऱ्या बाजूला?"

प्रभुभोजनाची भाकर पुन्हा एकदा तोंडात पडावी असे तिला किती वाटते, हे आईंना तिच्या तोंडाकडे बघून कळले होते. त्या दिवसापासून त्यांच्या रोजच्या प्रार्थनेत एक वाक्य वाढले, ते मी स्वतः ऐकले आहे. प्रभू, दुसऱ्या बाजूला कोणीतरी दे.

इथे आमच्या चर्चची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचे कळणार नाही. आमच्याकडे पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, प्रत्येकाला भाकर देत नाहीत. भाकरीच्या तुकड्यांचे ताट पहिल्या बाकावरच्या पहिल्या माणसाकडे जाते. तो आपला तुकडा घेतो, शेजाऱ्यापुढे ताट धरतो आणि म्हणतो, "हे तुझ्यासाठी." शेजारी घेतो आणि त्याच्या शेजाऱ्याला देतो. बाक भिंतीपाशी संपला की तिथला माणूस मागच्या बाकाला देतो, मग ताट भिंतीकडून वाटेकडे येते, पुन्हा मागे. असे वळणे घेत घेत शेवटच्या बाकापर्यंत जाते. दोन बाजूंना दोन ताटे, आणि ती पहिल्या बाकाशी आणून देऊन मग मधल्या वाटेने ताटाबरोबर मागे जाणारे दोघे जण. त्यांपैकी एक मी होतो. नेणारा शेवटी मागच्या बाकाशी पोचतो आणि उरलेला शेवटचा तुकडा त्याचा.

आता तापाची गोष्ट. प्रभुभोजनाच्या आधीच्या आठवड्यात आईंना सणसणून ताप आला. मेजाचे कापड भिजत टाकलेले होते. पिवळीने ते धुतले. धुतल्यावर कपड्याला टाका घालायचा हे तिला शिकवलेले होते, तो तिने घातला. इस्त्री केली, मलमलीत गुंडाळले. चर्चच्या कापडावर दोरा नसतो हे तिला कोणी सांगितले नव्हते, आणि ते कापड खिडकीपाशी जात नसल्यामुळे तिथे कात्री लागायचा प्रश्नच नव्हता. नियमात चूक नव्हती, अपवादात होती. कापड मी नेऊन दिले. मला दोरा दिसला नाही. मी कापड उघडलेच नव्हते.

मेज मांडायचे काम मेट्रनबाईंकडे होते. त्या मोठ्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या. कपड्यांना असते तशी खळ त्यांच्या अंगातच होती. रविवारी कापड पसरताना समोरच्या कोपऱ्यात पिवळा टाका दिसला. तो तसाच खाली दुमडून त्यांनी मेज मांडले आणि उपासना संपल्यावर आईंना गाठले. आई तापातून नुकत्याच उठल्या होत्या, माझ्या बायकोचा हात धरून उभ्या होत्या. हा दोरा कशाचा, असे मेट्रनबाईंनी विचारले.

माझा आहे, असे आईंनी म्हटले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. त्या म्हणाल्या, माझ्याकडच्या नव्या बाईचा. कोण नवी बाई, कुठली? तेही त्यांनी सांगितले, आजचा दिवस कोणता हे सांगावे तसे.

ही बातमी त्याच दुपारी घरोघर पोचली. सोमवारपासून गिऱ्हाइके गाठोडी परत न्यायला येऊ लागली. काहींना गावाला जायचे होते, काहींनी घरी यंत्र घ्यायचे ठरवले होते, एकीच्या नवऱ्याला एकाएकी खळीची खाज सुटली होती. खरे कारण कोणी सांगितले नाही. फळ्या रिकाम्या झाल्या. काका इस्त्री थंड करून बसू लागले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे बोलायला काही उरले नाही.

पिवळीने आपले कपडे बांधले. मी जाते, माझ्यापायी तुमची भट्टी विझायला नको, असे तिने आईंना सांगितले. आईंच्या हातात आमच्याच घरची एक चादर होती, कारण आता दुसऱ्या कोणाची नव्हती. त्या म्हणाल्या, "जा हवं तर. पण आधी हे टोक धर."

तिने टोक धरले, आणि मग ती गेली नाही.

पुढच्या रविवारी संध्याकाळी चर्च कमिटीचे अध्यक्ष आणि मेट्रनबाई आमच्याकडे आले. अध्यक्षांचा लाकडाचा व्यापार होता. माणूस वाईट नव्हता, भांडण नको एवढेच त्यांना कळत असे. चहा झाला, आईंच्या तब्येतीची चौकशी झाली. मग त्यांनी तोडगा सांगितला. बाईंनी त्या बाईला आत कुठेतरी ठेवावे, पुढे आणू नये. चर्चचे कापड पूर्वीसारखे स्वतः धुवावे, तसा शब्द द्यावा. एवढे झाले की सगळ्यांचे कपडे पुन्हा येतील. याची हमी त्यांची.

व्यवहार म्हणून बघितले तर प्रस्ताव चांगला होता. मी हिशेबात वाढलेला माणूस. मला तो चांगला वाटला. पिवळी धुण्याच्या खोलीत होती आणि मधले दार उघडेच होते, हे मला नंतर लक्षात आले.

आईंनी कप खाली ठेवला. "कापड तुमचं आहे, ते तुमच्याकडेच ठेवा," त्या म्हणाल्या. "बाई माझी आहे, ती राहील."

मेट्रनबाईंनी विचारले की प्रभूच्या मेजाचा काही मान आहे की नाही. आईंनी उत्तर दिले की त्या मेजाशी पहिल्यांदा, प्रभूला धरून देणाऱ्यापासून, कोण कोण बसले होते ते आपण दोघींनी रविवारच्या शाळेत एकत्रच पाठ केले आहे. "मला आता नीट आठवत नाही, तूच सांग." या दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी, हे मला त्या दिवशी कळले. मेट्रनबाई उठल्या, म्हणजे उठायचा प्रयत्न केला. त्यांचे गुडघे कामातून गेलेले होते. आईंनी हात दिला. त्यांनी तो घेतला, पण बघितले दुसरीकडे.

दारात आईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. "येत्या प्रभुभोजनाला ही बाई माझ्याबरोबर येईल." अध्यक्ष घाबरून पाळकसाहेबांकडे गेले. पाळकसाहेब मवाळ माणूस, कोणाचे मन मोडायचे त्यांच्या जिवावर येई. पण या बाबतीत ते हलले नाहीत. तिचा बाप्तिस्मा झालेला आहे, मी कोण अडवणार, एवढेच ते म्हणाले. पुढे आईंना भेटल्यावर हसून सांगत होते, "बाप्तिस्मा धुऊन निघत नाही बाई, तुमच्या भट्टीतही नाही." कोण कोणाशेजारी बसेल, हे मात्र आपल्या हातात नाही, असेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले.

तो रविवार आला. उघड्या दारातून सगळे ऐकलेल्या पिवळीने या वेळी बाकाचे कारण काढले नाही. पिवळीने पांढरे कपडे घातले होते, आणि ते इतके पांढरे होते की चर्चमधल्या बाकीच्यांनी आपापल्या कपड्यांकडे बघावे. आईंची जागा तिसऱ्या बाकावर, मधल्या वाटेच्या टोकाला. त्या बसल्या, त्यांच्या आतल्या बाजूला पिवळी बसली. बाकावरची माणसे एकेक करून उठली. कोणाला डोक्यावर पंखा नको होता, कोणाला मागे ओळखीचे दिसले. सगळे मागे सरकले. अध्यक्षही त्याच बाकावर बसत. तेही चौथ्या बाकावर भिंतीपाशी जाऊन बसले.

एकट्या मेट्रनबाई उठल्या नाहीत. त्यांची जागा तिसऱ्या बाकाच्या भिंतीकडच्या टोकाला, खांबाजवळ. उठता-बसताना खांबाचा आधार लागे म्हणून ती जागा वर्षानुवर्षे त्यांचीच. त्या समोर बघत बसल्या होत्या. एका टोकाला त्या, दुसऱ्या टोकाला आई आणि पिवळी, आणि मध्ये सबंध बाक रिकामा.

मी ताट घेऊन पहिल्या बाकाशी उभा होतो तेव्हा माझ्या लक्षात आले की या सगळ्या शहाण्या माणसांनी काय करून ठेवले आहे. तिला टाळायला सगळे मागे गेले होते. पुढे गेले असते तर गोष्ट वेगळी. पण ताट पुढून मागे जाते. आता त्या बाजूच्या प्रत्येकाला, अध्यक्षांपासून शेवटच्या बाकापर्यंत, भाकर मिळणार होती ती तिच्या हातावरून.

ताट पहिल्या बाकावरून भिंतीकडे गेले, दुसऱ्यावरून वाटेकडे परत आले, आणि मागे आईंच्या हातात आले. आईंनी तुकडा घेतला. ताट पिवळीपुढे धरले. "हे तुझ्यासाठी."

पिवळीने तुकडा उचलला. तो तोंडात घालताना तिने डोळे मिटले नाहीत, खाली बघितले नाही. आईंच्या तोंडाकडे बघत राहिली. मग ताट तिच्या हातात आले. तिने उजवीकडे वळून बघितले, आणि तिथे कोणी नव्हते.

गायकवृंदात बसलेली माझी बायको नंतर म्हणाली की तिला फक्त पंख्याचा आवाज येत होता. पिवळीने माझ्याकडे बघितले. मी बाकात शिरून ताट घेऊ शकत होतो, पुढे नेऊन देऊ शकत होतो. कोणाचे काही बिघडले नसते. मी एक पाऊल टाकलेही. आईंनी माझ्याकडे बघितले. त्या नजरेत जावईबापूंना मान अजिबात नव्हता. मी थांबलो.

तेवढ्यात खांबाकडून बाकावर काठी आपटल्याचा आवाज आला.

"अगं, इकडे आण," मेट्रनबाई म्हणाल्या. "मला नाही सरकता येत."

पिवळी सरकली. ताट दोन्ही हातांनी धरून, थोडी थोडी करत, त्या रिकाम्या बाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. शेवटी मेट्रनबाईंना अगदी लागून बसली. ताट पुढे केले. तिचे ओठ हलले. मला ऐकू आले नाही, पण नंतर आईंना तिने सांगितले की एवढ्या मोठ्या बाईंना "तुझ्यासाठी" म्हणायला तिची जीभ रेटेना, म्हणून ती "तुमच्यासाठी" म्हणाली. मेट्रनबाईंनी जे म्हटले ते मात्र सगळ्यांना ऐकू गेले, कारण त्यांना हळू बोलता येत नसे.

"तुझ्यासाठी म्हण. इथे सगळ्यांना तेच."

मग त्यांनी तुकडा घेतला, खाल्ला आणि ताट मागे अध्यक्षांपुढे धरले. अध्यक्षांनी हात पुढे केला नाही. मेट्रनबाईंनी ताट खाली केले नाही. सबंध इस्पितळ ज्या नजरेने चालवले ती नजर त्यांनी अध्यक्षांवर ठेवली. अध्यक्षांनी भाकर घेतली. पुढे ताट कुठेही अडले नाही. माणसे घेत गेली, देत गेली, "हे तुझ्यासाठी, हे तुझ्यासाठी" असा तो हलका आवाज बाकाबाकांतून मागे येत राहिला, आणि शेवटच्या बाकाशी ताट माझ्या हातात आले तेव्हा त्यात एक तुकडा होता.

सुरुवातीला मी म्हटले की मला काहीतरी मिळाले. ते हे. तो तुकडा माझ्यापर्यंत सगळ्यांच्या हातांवरून आला होता, आणि तिच्याही. ताट उचलून पुढे नेले असते तर भाकर तीच असती, पण मला ती मिळाली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेट्रनबाई काठी टेकत दुकानात आल्या. बरोबर गाठोडे होते. काकांनी घाईघाईने खुर्ची पुसून दिली. त्यांनी बसायच्या आधी तक्रार केली की मागच्या खेपेला एका उशीच्या अभ्र्याचे बटण गेले होते. मग बसल्या आणि आईंना म्हणाल्या, "महिनाभर ते कापड घरी ठेवून डाग शोधत होते मी. खिडकीत धरलं, दिव्याखाली धरलं. इतकं पांढरं ते कधीच नव्हतं. त्याचाच राग आला होता मला."

"माझ्या हातचं एवढं वाईट निघायचं का?" आईंनी विचारले.

"तुझ्या हातचं ठीक असायचं," मेट्रनबाई म्हणाल्या. "ठीक."

मी आईंना त्यानंतर विचारले की मेट्रनबाई त्या दिवशी मनाने थांबल्या की गुडघ्यांमुळे. आई म्हणाल्या, "जावईबापू, देवाला गुडघेही चालतात."

कपडे परत यायला वेळ लागला. काही घरे कधीच आली नाहीत, आणि आईंनी त्यांची नावे कधी काढली नाहीत. पण बाजाराच्या मागच्या गल्लीतून आणखी गाठोडी येऊ लागली, आणि ती आणणाऱ्या बायका पायरीखाली थांबेनाशा झाल्या. त्यांतल्या दोघी पुढे कामाला राहिल्या. त्यांना दोरे द्यायला नवी रिळे आणावी लागली. मेजाचे कापड त्या महिन्यापासून पिवळी धुऊ लागली, आणि त्यावरचा टाका आईंनी कधी कापू दिला नाही. कापड विरून नवे आले की नव्यावर घालायचा.

आई गेल्या तेव्हा त्यांच्या शेवटच्या आजारात पिवळीनेच सगळे केले. माझी बायको रडून रडून थकली होती; पिवळी रडत नव्हती, चादरी बदलत होती. शेवटच्या दिवशी आईंनी तिला काहीतरी सांगितले ते मला दारातून ऐकू आले. दुसऱ्या बाजूला तू बसलीस माझ्या, असे काहीतरी. पिवळी म्हणाली, "टोक धरलंय मी, बाई."

अलीकडे आमच्या कमिटीत एक सूचना आली. भाकर छोट्या पुड्यांतून प्रत्येकाच्या जागेवर आधीच ठेवावी. वेळ वाचेल, गडबड होणार नाही, स्वच्छताही राहील. मी कमिटीवर आहे, आणि आयुष्यभर मी सोयीच्या बाजूने मत देत आलो आहे. या वेळी विरोधात दिले. तरुण मंडळींनी नवलाने कारण विचारले. मी एवढेच म्हटले की येत्या रविवारी तिसऱ्या बाकावर खांबाजवळ बघा.

तिथे आता पिवळी बसते. मेट्रनबाई गेल्यावर ती जागा तिची झाली, कारण तिचेही गुडघे आता भट्टीने आणि टाक्यांनी खाल्ले आहेत. तिच्या शेजारी गेल्या महिन्यात एक माणूस आला, नुकताच तुरुंगातून सुटलेला. तो तिच्यापासून जरा अंतर सोडून बसला. ताट हातात आल्यावर थांबला आणि मान खाली घालून बसून राहिला.

तिने बाकावर थाप मारली. म्हणाली, "इकडे आण रे बाबा. मला नाही सरकता येत."